आल्बीन ब्रुनोव्स्की : नोटा, मुद्राचित्रे आणि स्लोव्हाकियातील मानवाकृतीची चित्रपरंपरा

नोटासंग्राहक (प्रश्न)

नमस्कार. मी चित्रकलेचा अभ्यासक नाही; माझा छंद जुन्या कागदी चलनाचा आहे. चेकोस्लोव्हाकियाची 1985 ते 1989 या काळात निघालेली अखेरची नोटमालिका नुकतीच माझ्या संग्रहात पूर्ण झाली. हजाराच्या नोटेवर संगीतकार बेद्रिख स्मेताना, दहाच्या नोटेवर कवी ह्विएझ्दोस्लाव, पन्नासच्या नोटेवर स्लोव्हाक लेखनभाषा घडवणारे ल्युदोवित श्तूर, विसाच्या नोटेवर शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की आणि शंभराच्या नोटेवर देशाचे पहिले कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्ष क्लेमेंट गोटवाल्ड. व्यक्ती इतक्या भिन्न क्षेत्रांतील असूनही पाचही नोटांवर हात एकाच कलावंताचा आहे, हे भिंगातून पाहताना लगेच जाणवते.

विशेषतः 1988 ची विसाची निळी नोट मला पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. तिच्या मागच्या बाजूला उघड्या पुस्तकातून उगवलेले एक झाड आहे. सरकारी चलनावर सहसा धरण, पूल, किल्ला किंवा ट्रॅक्टर असतो. इथे मात्र एखाद्या परीकथेच्या पुस्तकातले पान फाडून चलनात आणल्यासारखे वाटते. या मालिकेचे संकल्पन आल्बीन ब्रुनोव्स्की यांचे आहे, एवढे नोटांच्या सूचीत वाचले. त्यापुढे मला पुष्कळ जाणून घ्यायचे आहे. हे गृहस्थ चलनाच्या कामात मुरलेले कारागीर होते की स्वतंत्र चित्रकार? त्यांच्या चित्रांत मुळात काय आहे? आणि माणसाच्या आकृतीला मध्यवर्ती ठेवणारी त्यांची ही परंपरा आजच्या स्लोव्हाकियात जिवंत आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

दुनाकाठचा

नोकरीच्या निमित्ताने मी स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्राटिस्लाव्हात राहतो. या शहरात ब्रुनोव्स्कींचे नाव काढले की लोक आधी पुस्तकांबद्दल बोलतात, मग मुद्राचित्रांबद्दल (म्हणजे दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर काढून कागदावर छापलेल्या चित्रांबद्दल), आणि नोटांचा उल्लेख सर्वांत शेवटी येतो. आपण नोटांपासून सुरुवात केली आहे, त्यामुळे हा क्रम उलटा करून सांगावा लागेल.

त्यांचा जन्म 25 डिसेंबर 1935 रोजी झोहोर येथे झाला. हे गाव ब्राटिस्लाव्हाच्या वायव्येस, झाहोरिए नावाच्या सखल प्रदेशात आहे. पाइनची जंगले, वाळूची माती, पाणथळ कुरणे आणि थोड्या अंतरावर मोरावा नदी. नदीपलीकडे ऑस्ट्रिया आहे. त्यांच्या तरुणपणी या नदीकाठाने काटेरी तारांचे कुंपण उभे होते आणि पलीकडचे व्हिएन्ना शहर अंतराने जवळ असूनही सामान्य माणसासाठी जवळजवळ अप्राप्य होते. हा तपशील मी मुद्दाम देतो आहे. त्याच सुमारास व्हिएन्नात एर्न्स्ट फुक्स, रुडोल्फ हाउस्नर, आरिक ब्राउएर वगैरे मंडळी जुन्या उस्तादांच्या तंत्राने स्वप्नवत चित्रे रंगवत होती. ब्रुनोव्स्कींची चित्रे त्यांच्या शेजारी ठेवली तर नाते पटकन दिसते. तरी कोणी कोणाकडून घेतले असे सरळ म्हणण्यापेक्षा, बॉश, ब्रॉयगल आणि आर्चिम्बोल्दो या जुन्या युरोपीय चित्रकारांचा वारसा कुंपणाच्या दोन्ही बाजूंना सारखाच पोहोचलेला होता, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

ब्राटिस्लाव्हातील उपयोजित कलेच्या शाळेत शिकून ते 1955 मध्ये तिथल्याच ललित कला अकादमीत दाखल झाले. ही अकादमी 1949 मध्ये स्थापन झाली होती, म्हणजे संस्था तेव्हा अगदी कोवळी होती. 1961 पर्यंत त्यांचे शिक्षण विन्सेंट ह्लोझनीक यांच्या हाताखाली झाले. ह्लोझनीक (1919–1997) यांना वगळून या विषयावर काहीच लिहिता येणार नाही. युद्धाने होरपळलेली माणसे, आक्रोश करणाऱ्या आया, कोसळलेले घोडे असा त्यांचा विषय आणि लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून केलेली छपाई) हे त्यांचे आवडते माध्यम. मानवी देह हाच चित्राचा आशय वाहून नेतो, ही त्यांची श्रद्धा शिष्यांत उतरली. ब्रुनोव्स्कींनी गुरूंची आकृतीवरची निष्ठा घेतली, पण त्यांचा आक्रोश घेतला नाही. गुरूंच्या चित्रात माणूस जखमी होतो. शिष्याच्या चित्रात त्याच माणसाला पाने फुटतात, केसांत पाखरे घरटी करतात, कानापाशी मुळे उतरतात.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1990 पर्यंत त्यांनी याच अकादमीत शिकवले. 1981 मध्ये ते प्राध्यापक झाले. शंभराहून अधिक पुस्तकांची चित्रे त्यांच्या नावावर आहेत आणि त्यांत बालसाहित्याचा वाटा मोठा आहे. 1967 मध्ये ब्राटिस्लाव्हात बालपुस्तकांतील चित्रांचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले. ते सुरू होण्यामागे आणि टिकण्यामागे ह्लोझनीक–ब्रुनोव्स्की या पिढ्यांनी पुस्तकचित्राला मिळवून दिलेली प्रतिष्ठा होती. मुलांच्या पुस्तकातले चित्र म्हणजे दुय्यम काम, ही समजूत इथे रुजलीच नाही.

नोटांचे काम त्यांच्याकडे आले ते या सगळ्यानंतर, वयाच्या पन्नाशीच्या आसपास. त्यामुळे ते चलनातले कारागीर नव्हते. राज्याने नामवंत चित्रकाराला चलनासाठी बोलावले होते. विसाच्या नोटेवरील कोमेन्स्की यांनी 1658 मध्ये मुलांसाठी चित्रमय पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले होते, हे लक्षात घेतले तर पुस्तकातून उगवणारे झाड तिथे का आले याचा उलगडा होतो. एका पुस्तकचित्रकाराने चित्रातून शिकवणाऱ्या आपल्या पूर्वजाला केलेला तो नमस्कार आहे, असे मी समजतो. शंभराच्या हिरव्या नोटेचे नशीब मात्र खोटे होते. ती ऑक्टोबर 1989 मध्ये चलनात आली, नोव्हेंबरात राजवटच कोसळली आणि 1990 च्या अखेरीस नोट काढून घेण्यात आली. लोकांचा राग चित्रावर नव्हता, गोटवाल्डवर होता.

लिथोवाला

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी मुद्राचित्रण शिकलो आणि आजही प्रेसवर काम करतो, म्हणून केवळ तंत्राबद्दल लिहितो. कारण ब्रुनोव्स्कींच्या बाबतीत तंत्र समजल्याशिवाय चित्र अर्धेच दिसते.

1960 च्या दशकात त्यांनी खरवडलेल्या लिथोग्राफीत विपुल काम केले. नेहमीच्या लिथोत आपण पांढऱ्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने काळे रेखाटन करतो. खरवडलेल्या लिथोत आधी दगडाचा हवा तेवढा भाग शाईने पूर्ण काळा करून वाळवायचा आणि मग सुई, पाते, टोकदार चाकू अशा साधनांनी त्या काळ्यातून उजेड उकरून काढायचा. गवताचे पाते, पिसाची शीर, पापणीचा केस, यांतील प्रत्येक गोष्ट म्हणजे काढून टाकलेली काळी शाई असते. नंतर दगडावर डिंक आणि सौम्य नायट्रिक आम्लाची प्रक्रिया होते, रोलरने शाई दिली की खरवडलेल्या रेघा कोऱ्या राहतात. चुकलेली रेघ पुन्हा काळी करता येते, पण तिथली शाई निराळी लागते आणि सरावलेल्या डोळ्याला ते ठिगळ दिसते. त्यामुळे अशा दगडावर बसणाऱ्या माणसाला पुढच्या वीस रेघा आधीच दिसत असाव्या लागतात.

पुढे ते एचिंग (आम्लाने रेघ कोरणे), ड्रायपॉइंट (सुईने थेट पत्रा ओरखडणे) आणि मेझोटिंट या धातूच्या तंत्रांकडे वळले. मेझोटिंटमध्येही वाट तीच, काळोखातून उजेडाकडे. तांब्याच्या पत्र्यावर दातेरी रॉकर वेगवेगळ्या दिशांनी इतक्या वेळा फिरवायचा की पत्र्याच्या पृष्ठभागावर सर्वत्र बारीक काटे उभे राहतात. हा पत्रा तसाच छापला तर मखमली काळा रंग मिळतो. मग जिथे उजेड हवा तिथे काटे खरवडून आणि घासून बसवायचे. छपाईच्या दाबाखाली हे काटे लवकर झिजतात, म्हणून खऱ्या अर्थाने चांगल्या प्रती थोड्याच निघतात.

आता 'टोपीवाल्या स्त्रिया' या त्यांच्या प्रसिद्ध मुद्राचित्रांकडे पाहा. 1980 च्या दशकाच्या आरंभीची ही चित्रे. स्त्रीचा चेहरा शांत, काहीसा दूरस्थ, त्वचा जवळपास कोऱ्या कागदाची. आणि तिच्या डोक्यावर चेहऱ्याच्या कितीतरी पट मोठी टोपी, जिच्यात वेली, कीटक, पक्षी, फळे, लहान लहान माणसे अशी अख्खी वसाहत नांदते. चेहऱ्यावर हात थांबवणे आणि टोपीवर तो थकेपर्यंत चालू ठेवणे, हा ताळमेळ ज्याला साधतो त्याला रेघेचे मोल कळलेले असते. मला वैयक्तिकरीत्या चेहऱ्यातली ती थांबलेली जागाच अधिक अवघड वाटते.

नोटांबद्दल एक खुलासा. संकल्पक स्वतः पोलादी पत्रा कोरत नाही; ते काम उत्कीर्णकाचे असते आणि या मालिकेत ते प्रामुख्याने मिलोश ओंद्राचेक या नामांकित चेक उत्कीर्णकाने केले. रंगचित्रातली छटांची सरमिसळ कोरीव रेघांत आणताना बरेच काही हरवते. ब्रुनोव्स्कींची कल्पना मात्र मुळातच रेघांत जन्मलेली होती, त्यामुळे चित्राकडून पत्र्याकडे जाताना तिचे फारसे नुकसान झाले नाही. आपल्याला पाचही नोटांवर एकच हात जाणवला, त्याचे कारण बहुधा हेच आहे. जी नोट फार हाताळली गेली नसेल तिच्यावरील चेहऱ्यावरून अंगठा फिरवून पाहा. शाईचा उंचवटा अजून लागेल.

तिसरी बाजू

कौतुकात थोडा व्यत्यय आणतो. ब्रुनोव्स्की कसबी होते याबद्दल दुमत नाही, परंतु त्यांचा काळ कोणता होता हेही पाहायला हवे. ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत नेतृत्वाखालील वॉर्सा कराराच्या फौजा देशात घुसल्या आणि पुढील वर्षांत कलाक्षेत्राची झाडाझडती झाली. खुद्द ह्लोझनीक यांना 1972 मध्ये अकादमी सोडावी लागली. स्लोव्हाक कलावंत रुदोल्फ सिकोरा यांनी नोव्हेंबर 1970 मध्ये ब्राटिस्लाव्हातील आपल्या घरात 'पहिली खुली कार्यशाळा' भरवली, ती अधिकृत दालनांबाहेर. यूलिउस कोल्लेर, स्तानो फिल्को यांच्यासारख्या कलावंतांचे महत्त्वाचे काम वर्षानुवर्षे सार्वजनिक संस्थांच्या कडेला राहिले. त्याच काळात ब्रुनोव्स्की अकादमीत शिकवत होते आणि अखेरीस ज्या राजवटीने हे सारे केले तिच्या नोटांवर तिच्या संस्थापकाचा चेहरा त्यांनीच आखला.

अशा वेळी फुलपाखरे आणि टोप्या रंगवणे ही पळवाट नव्हती का? आणि दुसरे असे की, इतका तपशील डोळ्याला गुंगवतो, पण पाच चित्रे पाहिल्यावर सहावे चित्र नवे काही सांगते का, याची मला शंका आहे.

दुनाकाठचा

आपल्या पहिल्या आक्षेपात तथ्य आहे आणि तो इथेही घेतला जातो. 1989 नंतर स्लोव्हाक कलेचा इतिहास पुन्हा लिहिला गेला तेव्हा कोल्लेर, फिल्को, सिकोरा ही नावे मध्यभागी आली आणि पुस्तकचित्रकारांची पिढी काहीशी बाजूला सरकली. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पुस्तकचित्र हे त्या काळी अनेकांसाठी आश्रयस्थान होते. मुलांच्या पुस्तकावर सेन्सॉरची नजर तुलनेने सैल असे आणि ज्यांना प्रदर्शनाची दारे बंद झाली अशा काही चित्रकारांचे पोट त्यावर चालले. शिवाय समाजवादी वास्तववादाला, म्हणजे राजवटीच्या अधिकृत कलाशैलीला, जो माणूस हवा होता, तो निरोगी, आशावादी, हातात अवजार घेतलेला आणि क्षितिजाकडे पाहणारा होता. ब्रुनोव्स्कींच्या चित्रांत असा माणूस सापडत नाही. त्यांचा माणूस अर्धा झाड, अर्धा पक्षी, कधी कुजणारा, कधी फुलणारा आहे. याला प्रतिकार म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण निव्वळ पळवाट म्हटल्यानेही चित्रांना न्याय मिळत नाही. शंभराच्या नोटेबाबत मात्र त्यांची बाजू घ्यायला माझ्याकडे शब्द नाहीत.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, आणि त्याचे उत्तर त्यांच्या शिष्यांकडे पाहून मिळते. त्यांच्या वर्गातून इतके कुशल मुद्राचित्रकार बाहेर पडले की इथे 'ब्रुनोव्स्कींची शाळा' असा शब्दप्रयोगच रूढ झाला, आणि त्यातील अनेकांना गुरूंच्या रेघेतून सुटता आले नाही. ज्यांना सुटता आले त्यांत दुशान कालाय (जन्म 1948) अग्रणी. ते आधी ह्लोझनीक आणि नंतर ब्रुनोव्स्की यांच्याकडे शिकले. रंग, विनोद आणि अवकाशाची उलथापालथ यांच्या जोरावर त्यांनी स्वतःची वाट काढली. 1983 मध्ये ब्राटिस्लाव्हा द्वैवार्षिकाचे सर्वोच्च पारितोषिक आणि 1988 मध्ये चित्रांसाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार त्यांना मिळाला. पत्नी कामिला श्तान्त्सलोवा यांच्यासह त्यांनी केलेले काम स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचे आहे.

आता आजच्या चित्राकडे. माणसाची आकृती इथे भरपूर रंगवली जाते, फक्त ती ब्रुनोव्स्कींच्या वाटेने आलेली नाही. डोरोटा सादोव्स्का (जन्म 1973) यांची संतांची चित्रे पाहावीत. पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर संताचे शरीर वरून पाहिल्यासारखे, डोके मोठे आणि पाय दूर लहान होत गेलेले. कॅथलिक देशात वेदीवरच्या प्रतिमेकडे नेहमी खालून वर पाहिले जाते, तो कोनच त्यांनी फिरवला आहे. आंद्रेय दूब्राव्स्की (जन्म 1987, नोव्हे झाम्की) हे याच अकादमीत ईवान चुदाय यांच्याकडे शिकले. प्रायमर (रंगाआधी लावायचा अस्तराचा थर) न लावलेल्या कॅनव्हासवर पातळ केलेल्या ॲक्रिलिकने ते रंगवतात, त्यामुळे रंग कापडात मुरतो आणि आकृतीच्या कडा ओलसर, विरघळल्यासारख्या दिसतात. सशाचे कान लावलेली तरुण मुले हा त्यांचा आरंभीचा विषय. पुरुषदेहाचे आकर्षण, संकोच आणि एकटेपण त्यात उघडपणे येते. पुढे ते रास्तिस्लावित्से नावाच्या खेड्यात राहू लागले, बाग केली, कोंबड्या पाळल्या, आणि चित्रांत जाडजूड सुरवंट, मधमाश्या, धुराडी आली.

इथे ब्रुनोव्स्कींशी एक विरोधाभासी नाते मला दिसते. दोघांनाही कीटकाचे वेड. पण ब्रुनोव्स्कींचा भुंगा टोपीवरच्या दागिन्यासारखा जडवलेला, त्याच्या पायावरचा केसही मोजता यावा असा, तर दूब्राव्स्कींचा सुरवंट मोठ्या ब्रशच्या दोन-चार फटकाऱ्यांत उभा राहिलेला, भुकेला आणि आपल्याच बागेचा शत्रू. पहिल्याला निसर्गाच्या विपुलतेची खात्री होती. दुसऱ्याची ती खात्री उरलेली नाही.

नोटासंग्राहक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच खोल गेली. आणखी दोन व्यावहारिक शंका विचारतो. ही चित्रे प्रत्यक्ष किंवा निदान चांगल्या प्रतिमांत कुठे पाहता येतील? आणि ब्रुनोव्स्कींची ग्रंथस्वामित्वचिन्हे, म्हणजे एक्सलिब्रिस (पुस्तकात मालकाच्या नावाने चिकटवायची छोटी मुद्राचित्रे), संग्राहकांच्या लिलावात दिसतात. त्यांखाली पेन्सिलीने सी 3, सी 7 असे काही लिहिलेले असते, त्याचा अर्थ काय?

दुनाकाठचा

ब्राटिस्लाव्हात आल्यास दुना (डॅन्यूब) नदीकाठची स्लोव्हाक राष्ट्रीय गॅलरी गाठावी. दीर्घ पुनर्बांधणीनंतर ती डिसेंबर 2022 मध्ये पुन्हा खुली झाली. मुद्राचित्रे कागदावरची असल्याने उजेडापासून जपली जातात आणि कायम टांगलेली नसतात, म्हणून आधी चौकशी करून यावे. पुस्तकचित्रांसाठी जुन्या शहरातील बिबियाना हे बालकलाभवन आहे. द्वैवार्षिकाचे आयोजनही तेच करते आणि ते विषम वर्षांच्या शरद ऋतूत भरते. घरबसल्या पाहायचे असल्यास स्लोव्हाक संग्रहालयांची 'वेब उमेनिया' ही एकत्रित सूची विनामूल्य खुली आहे. तिच्यात चित्रकाराच्या नावाने शोध घेता येतो आणि पुष्कळ प्रतिमा चांगल्या मोठ्या करून पाहता येतात. ह्लोझनीक यांची 1962 ची 'स्वप्ने' ही लिनोकट मालिका तिथे जरूर शोधा.

लिथोवाला

एक्सलिब्रिसवरील ती अक्षरे म्हणजे तंत्राची आंतरराष्ट्रीय खूण. 'सी' म्हणजे धातूच्या पत्र्यावरील खोलमुद्रण, ज्यात पत्र्यातल्या खोलगट रेघांत शाई भरून छापतात. सी 3 एचिंग, सी 4 ड्रायपॉइंट, सी 5 ॲक्वाटिंट, सी 7 मेझोटिंट. 'एल 1' म्हणजे कलावंताने स्वतः दगडावर केलेली लिथोग्राफी. एकाच चित्रात दोन तंत्रे असतील तर दोन्ही खुणा अधिक चिन्हाने जोडून लिहितात. 'पी' ने सुरू होणारी खूण दिसली तर ते यांत्रिक पुनर्मुद्रण समजावे. त्याची किंमत त्या मानानेच असावी.

घेताना प्रतिमेभोवती पत्र्याच्या कडेने कागदात दाबलेली चौकट आहे का ते पाहावे. खोलमुद्रणात ती असतेच. सही पेन्सिलीची असावी. मेझोटिंट असेल तर सर्वांत गडद जागा भिंगाखाली धरावी. काळा रंग सलग आणि मऊ असेल तर प्रत आरंभीची, करडट आणि विरळ दिसत असेल तर काटे झिजल्यानंतरची. विक्रेत्याकडून फक्त समोरचा फोटो येत असेल तर तिरक्या उजेडातला फोटो मागवावा. दाबाची चौकट तिरक्या उजेडातच दिसते.